ट्रीना वोगलचं अकाली निधन

स्टॉफरसरांचं त्या सप्टेंबरात कोणाशी काही भांडण नव्हतं. फोनने गप्प बसावं एवढीच त्यांची मागणी होती, आणि लोकशाहीत नागरिकाने एवढं मागायला हरकत नसावी असं त्यांना वाटे. लोकशाहीबद्दल बोलण्याचा त्यांना अधिकारही होता. क्लेमर्स मिल गावाच्या हायस्कुलात त्यांनी हयातभर नागरिकशास्त्र शिकवलं होतं. निम्म्या गावाने घटनेच्या दुरुस्त्या त्यांच्यासमोर उभं राहून म्हणून दाखवल्या होत्या, आणि त्यातले बरेचजण अजूनही किराणा दुकानात सर दिसले की मुकाट्याने दुसऱ्या रांगेत जाऊन उभे राहत.

भानगड सुरू झाली ती मुलीमुळे. ती ओरेगॉनहून सुट्टीला आली, स्वयंपाकघराच्या भिंतीवरचा जुना फोन तिने काढायला लावला आणि वडिलांच्या हातात एक चपटा फोन ठेवला. नवा फोन, नवा नंबर. नवा म्हणजे सरांना नवा. आधी तो कोणा ट्रीना वोगलचा होता. सरांना हे कळायला वेळ लागला नाही, कारण रोज सकाळी दात घासायच्या आधीच त्यांना कोणीतरी विचारायचं, 'ट्रीना, तू आम्हाला विसरलीस का?'

ट्रीनाची ओळखपाळख सगळी राजकारणातली दिसत होती. एका पक्षाचा उमेदवार तिला लिहायचा, ट्रीना, मला झोप लागत नाही. दुसऱ्या पक्षाची बाई लिहायची, ट्रीना, आज मध्यरात्री सगळं संपणार. सगळं रोज मध्यरात्री संपायचं आणि सकाळी पुन्हा ट्रीनाच्या नावाने हाका सुरू व्हायच्या. सरांना मतांचा राग नव्हता. ती ज्याची त्याला लखलाभ. त्यांना राग होता भाषेचा. सिनेटवर जाऊ पाहणारा माणूस 'प्लीज' हा शब्द सलग तीनदा लिहितो आणि पुढे रडका चेहरा काढतो, हे त्यांच्या वर्गात कोणी केलं असतं तर सरांनी त्याला सबंध निबंध पुन्हा लिहायला लावला असता.

प्रत्येक मेसेजच्या तळाशी बारीक अक्षरांत सूचना असे, की मेसेज नको असल्यास 'थांबा' असं कळवा. सरांनी कळवलं. पण परक्या माणसाला नुसतं 'थांबा' म्हणणं त्यांना उर्मटपणाचं वाटलं. म्हणून त्यांनी रीतसर लिहिलं, की आपण ज्यांना लिहीत आहात त्या ट्रीना मी नव्हे, तरी माझा क्रमांक आपल्या यादीतून वगळावा ही विनंती, आपला नम्र, लेलंड स्टॉफर. त्याचा परिणाम असा झाला, की संध्याकाळपासून मेसेज दोघांना येऊ लागले. ट्रीनाला वेगळे, लेलंडला वेगळे.

मुलीने फोनवरून समजावलं, की उत्तर दिलं म्हणजे पलीकडच्यांना कळतं, इथे जिवंत माणूस आहे.

"म्हणजे उत्तर द्यायचं नाही?" सरांनी विचारलं.

"नाही."

"मग बंद होतील?"

"छे," मुलगी म्हणाली, आणि तिला मीटिंग होती म्हणून तिने फोन ठेवला.

यानंतर सरांनी केलं ते शिकल्यासवरल्या माणसाने करू नये असंच होतं. त्यांनी शेजाऱ्याचा सल्ला घेतला. शेजारी रूडी कामिन्स्की टायरच्या दुकानातून निवृत्त झालेला, आणि जगातल्या कुठल्याही अडचणीवर त्याच्या एका चुलतभावाने आधीच उपाय करून ठेवलेला असे. सरांच्या अंगणात एका पक्षाची पाटी होती, रूडीच्या अंगणात दुसऱ्या. त्यामुळे दोघं राजकारण सोडून सगळ्यावर बोलत. आणि एका बाबतीत तर दोघांचं घट्ट एकमत होतं, ते म्हणजे सर्कल.

गावात सिग्नल एकच. चौकात चिटपाखरू नसलं तरी तो लाल दिवा दाखवून माणसाला ताटकळत ठेवायचा. इंडियानातल्या मेहुणीकडे सर एकदा जाऊन आले, तिथे सिग्नलच्या जागी गोल सर्कलं होती आणि गाड्या न थांबता वळसा घालून जात होत्या. तेव्हापासून सर्कल सरांच्या डोक्यात जे शिरलं ते बाहेर पडायला तयार नव्हतं. त्यांनी समिती काढली, स्वतः अध्यक्ष झाले, रूडी चिटणीस झाला. दोन वर्षं खेटे घालून नोव्हेंबरच्या मतदानात सर्कलचा प्रश्न गावापुढे ठेवायची मंजुरी त्यांनी मिळवली होती. त्यामुळे त्या दिवसांत सरांना फोनवर महत्त्वाचं बोलायचं असे, आणि फोन तर ट्रीनाच्या नावाने दिवसभर हंबरत असे.

"ती मेली म्हणून कळव," रूडी कुंपणावरून म्हणाला. "माझ्या चुलतभावाने तेच केलं. मेलेल्याकडे कोण मत मागतं?"

सर म्हणाले की हे खोटं होईल. रूडीने विचार केला आणि म्हणाला, ती खरंच मेली नसेल कशावरून? जिवंत माणूस आपला नंबर सोडेल कशाला? एरवी या युक्तिवादातलं भोक सरांना कुंपणापलीकडून दिसलं असतं. पण नेमका त्याच वेळी खिशातला फोन थरथरला. ट्रीना, तुझ्यामुळे आमचं मन मोडलंय. सरांनी तिथेच उभं राहून लिहिलं, की श्रीमती ट्रीना वोगल यांचे निधन झाले आहे, तरी कुटुंबीयांना त्रास देऊ नये.

आणि पहिल्यांदाच उत्तराला जिवंत माणूस आला. कोणी स्वयंसेवक बाई होती. तिला फार वाईट वाटलं, आणि तिने विचारलं, कशाने गेल्या? आता एवढ्या आपुलकीने विचारल्यावर गप्प बसणं सरांच्या स्वभावात नव्हतं. त्यांनी लिहिलं, अचानक. मग तेवढं फार रुक्ष वाटलं, म्हणून पुढे लिहिलं, पण शांतपणे.

शनिवार-रविवार फोन मुका राहिला. सर ओसरीवर बसून सफरचंदाचा रस पीत राहिले. सोमवारी 'ट्रीनाच्या शोकाकुल कुटुंबास' असा पहिला मेसेज आला. ट्रीनाला आवडला असता असा देश आपण घडवू या, असं त्यात म्हटलं होतं. त्यानंतर कुटुंबाला येऊ लागले, आणि काही उमेदवारांना निधनाची खबर लागलेलीच नसल्यामुळे ट्रीनालाही येतच राहिले. सरांनी हात टेकले. फोन टेबलाच्या खणात टाकला, आणि दिवसातून एकदा काढून आलेलं सगळं न वाचता पुसायचा नेम धरला.

मतदानाच्या दिवशी सरांच्या पत्नी वर्ना अग्निशामक दलाच्या शेडमध्ये मतदान अधिकारी म्हणून बसल्या होत्या. संध्याकाळी त्या थकून घरी आल्या, सूपचा वाडगा पुढ्यात घेतला आणि म्हणाल्या की आज गंमतच झाली. शाळेची बस चालवते ना, ती उंच बाई, ती मत द्यायला आली, आणि यादीत बघते तर तिच्या नावापुढे मृत. ती जी खवळली, काही विचारू नका. शेवटी वर्नाबाईंनी तिला तात्पुरती मतपत्रिका दिली. म्हणजे मत देऊन पाकिटात बंद करायचं, आणि ते मोजायचं की नाही हे काउंटीच्या निवडणूक मंडळाने मागाहून ठरवायचं. बाहेर बस चालू ठेवून आली होती म्हणे. उभ्याउभ्याच मत लिहिलं, पाकीट चिकटवलं आणि तरातरा निघून गेली.

"नाव काय तिचं?" सरांनी विचारलं.

"ट्रीना वोगल. गेल्याच वर्षी आलीय गावात." वर्नाबाईंनी चमचा खाली ठेवला. चाळीस वर्षांच्या संसारात नवऱ्याचा हा चेहरा त्यांनी फारच थोड्या वेळा पाहिला होता, आणि दर वेळी त्यांना कुठेतरी जाऊन कोणाची तरी माफी मागावी लागली होती. "लेलंड," त्या म्हणाल्या, "तू काय केलंस?"

त्याच रात्री निकाल लागला. सर्कल एका मताने मंजूर झालं. रूडी केक घेऊन आला, तो कापायच्या आधीच त्याला कळलं की काउंटीत एक पाकीट शिल्लक आहे, आणि ते कोणाचं हेही कळलं. केक तसाच राहिला. मतं सारखी झाली तर प्रस्ताव पडतो, हा नियम सरांनी पिढ्यान् पिढ्या मुलांकडून घोकून घेतला होता. आणि तिचं नाव सरांना ठाऊक नसलं तरी त्या बसवाल्या बाईचं सर्कलबद्दलचं मत गावात कोणाला माहीत नव्हतं असं नाही. ज्याला फुलांच्या कुंडीभोवती चाळीस फुटी बस वळवायची हौस असेल त्याने सकाळी येऊन स्वतः वळवावी, असं तिने नाश्त्याच्या हॉटेलात भर गर्दीत सुनावलं होतं.

दुसऱ्या दिवशी ती दारात उभी राहिली. पाठीमागे रस्त्यावर पिवळी बस, दिवे लुकलुकत. काउंटीत चौकशी करून तिने सरांचं नाव काढलं होतं.

"माझं निधन तुम्ही कळवलंत?" तिने विचारलं.

सरांनी तिला आत बोलावलं. ती आत आली नाही. सरांनी मग दारातच सगळी हकीकत सांगितली, आणि सांगताना त्यांच्या लक्षात आलं की ही गोष्ट कुठूनही सुरू केली तरी आपण त्यात शहाणे ठरत नाही. नंबर, मेसेज, सात जन्मांत न संपणाऱ्या विनवण्या, हे ऐकताना मात्र ती थोडी मऊ झाल्यासारखी वाटली.

"मी तो नंबर सोडला कशासाठी, वाटतं तुम्हाला?" ती म्हणाली. "त्याच मेसेजांना कंटाळून."

"मग तुम्ही समजू शकाल."

"मी वैतागले म्हणून नंबर बदलला. कोणाला मारलं नाही." मग तिचा खरा राग बाहेर आला. तिचा मेहुणा काउंटीच्या कोरोनरच्या जागेसाठी उभा होता. मेलेल्याला मेला म्हणून जाहीर करायचं ते हेच पद. ती मत द्यायला गेली ती त्याच्यासाठी. "घरात कोरोनर होऊ घातलाय, आणि मला मारलं भलत्याच माणसाने. तो काल रात्रीपासून हसतोय."

मंडळाची सुनावणी पुढच्या आठवड्यात होती. सरांना वाटलं, आधीच काउंटीत जाऊन गुपचूप मिटवून टाकावं. निवडणूक कार्यालय तळघरात होतं आणि खिडकीमागे ऑट नावाच्या बाई होत्या. त्यांनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं. त्या स्वयंसेवक बाईने सरांच्या मेसेजचा फोटो काढून काउंटीला पाठवला होता, सोबत सहीनिशी कळवलं होतं, आणि ऑटबाईंनी नियमाप्रमाणे 'मृत' असा शेरा मारून नाव काढलं होतं.

सर म्हणाले, ठीक आहे, मग आता परत घाला.

ऑटबाई म्हणाल्या की नाव काढायला एक सही लागते, घालायला मंडळ लागतं.

सर म्हणाले, पण ती बाई जिवंत आहे, बस चालवते, कालच माझ्या दारात उभी होती.

"तसं त्यांनीही येऊन सांगितलं," ऑटबाई म्हणाल्या. "पण त्यांचा त्यात हितसंबंध आहे." मग त्यांनी चष्म्यावरून सरांकडे पाहिलं. "तुम्ही त्यांचे नातेवाईक का?"

"नाही."

"मग त्या शांतपणे गेल्या हे तुम्हाला कळलं कसं?"

निष्पन्न एवढंच झालं, की ज्याने निधन कळवलं त्याने सुनावणीला स्वतः हजर राहून ते मागे घेतलं, तरच पाकीट उघडणार. नाहीतर रद्द. सर परत निघाले, आणि घरी येईपर्यंत त्यांना उमगलं की आपलं सर्कल आपल्याच हातांनी बुजवायला आपल्याला काउंटीने आमंत्रण दिलं आहे.

रूडीच्याही ते ध्यानात आलं होतं. तो समितीच्या दोघांना घेऊन आला आणि बराच वेळ हवापाण्यावर बोलला. मग म्हणाला, कोणी तुला खोटं बोलायला सांगत नाहीये. तू फक्त जाऊ नकोस. नोव्हेंबर आहे, लोकांना ताप येतो. दोन वर्षं आपण राबलो, उन्हात उभे राहिलो, कुत्री अंगावर घेतली. आणि त्या बाईचा मेहुणा तर निवडूनही आला, मग तिचं एक मत गेलं तर बिघडलं काय?

सरांना राग आला, आणि अधिक राग याचा आला की हाच विचार त्यांच्या मनात रूडीच्या आधी येऊन गेला होता. एक मत गेलं तर काय बिघडतं, हा प्रश्न दर वर्षी शेवटच्या बाकावरचा एखादा मुलगा विचारायचा, आणि सर त्याला तासभर उत्तर द्यायचे. घंटा व्हायची तरी द्यायचे. आता ते सगळे तास छातीवर येऊन बसले. त्यांनी रूडीला सांगितलं की विचार करतो. रूडी गेला. वर्नाबाईंनी कपाटातून सरांचा निळा सूट काढला आणि इस्त्री तापत ठेवली.

सुनावणीला तळघरात खुर्च्या कमी पडल्या. सर्कलवाले एका बाजूला, सिग्नलवाले एका बाजूला, आणि गावच्या साप्ताहिकाचा बातमीदार मधोमध. मंडळाचे तिघे सदस्य टेबलामागे बसले होते. अध्यक्ष म्हणजे औषधाच्या दुकानाचे हटनसाहेब. सरांनी घरून निवेदन लिहून आणलं होतं, त्यात 'तांत्रिक गैरसमज' हा शब्द बऱ्याच वेळा आला होता. हटनसाहेब म्हणाले, निवेदन राहू द्या, मूळ मेसेज मोठ्याने वाचून दाखवा.

सरांनी वाचला. तरुणपणी याच काउंटीत ते वक्तृत्वाचे परीक्षक होते. 'अचानक, पण शांतपणे' या शब्दांपाशी सिग्नलवाल्यांत कोणीतरी फिसकन हसलं, मग सर्कलवालेही हसले, आणि दोन वर्षांत पहिल्यांदा दोन्ही बाजूंचं एकमत झालं. सर घाम पुसत उभे राहिले. त्यांनी सांगितलं की सदर महिला जिवंत आहे, निधनाची बातमी मीच, कुठलाही आधार नसताना, केवळ वैतागून दिली, आणि ती मी मागे घेतो.

हटनसाहेबांनी ट्रीनाला विचारलं की आपल्याला काही सांगायचं आहे का.

"एवढंच की मी शांतपणे काही करत नाही," ती म्हणाली, आणि ते सगळ्यांना पटलं.

मंडळाने तिला एकमताने जिवंत ठरवलं. ऑटबाईंनी कात्रीने पाकीट उघडलं. रूडीने डोळे मिटून घेतले होते. सर मात्र ताठ उभे होते. हरायचंच तर असं हरावं, असं काहीतरी भारदस्त त्यांच्या मनात चाललं होतं. सरांना त्या क्षणी, खरं सांगायचं तर, स्वतःबद्दल फार बरं वाटत होतं. ऑटबाईंनी मतपत्रिकेची पुढची बाजू पाहून आकडे टिपले. कागद उलटला. पुन्हा पुढे केला. पुन्हा उलटला.

"मागची बाजू कोरी आहे," त्या म्हणाल्या.

सर्कलचा प्रश्न मागच्या बाजूला होता. सर्कल एका मताने मंजूर, ते तसंच राहिलं. रूडीने टाळ्या वाजवल्या, सरांना मिठी मारली, कोणी पाठीवर थाप दिली. सरांना त्यातलं काही जाणवलं नाही. ते गर्दीतून वाट काढत वाहनतळावर गेले. ट्रीना बसच्या पायरीवर चढत होती.

"तुम्ही कागद उलटला नाहीत?" सरांनी विचारलं.

"कुठला कागद?"

"मतपत्रिका. सर्कलचा प्रश्न मागे होता."

ती पायरीवरून खाली उतरली. तिला वाटलं होतं, त्याचा वेगळा कागद असेल, आणि आपण मेलेल्या असल्यामुळे आपल्याला तो दिलेला नाही. मेहुण्याच्या नावापुढे खूण केली आणि निघाली, बस चालू होती ना. "थांबा," ती म्हणाली. "म्हणजे मी मत दिलंच नाही?"

"नाही."

"मग आता द्यायचं का? नुसती मागची बाजू?"

सरांनी डोळे मिटले. मग त्यांनी तिला सांगितलं की असं करता येत नाही. का करता येत नाही तेही सांगितलं. गुप्त मतदान, एक व्यक्ती एक मत, नागरिकाचं कर्तव्य, मतपत्रिका दोन्ही बाजूंनी वाचण्याची जबाबदारी. वाऱ्यात उभं राहून, निळ्या सूटात, कान लाल होईपर्यंत सांगितलं. मी तुमच्या मतासाठी भर सभेत स्वतःचं हसं करून घेतलं, ते मत माझ्याविरुद्ध जाणार हे माहीत असताना, आणि तुम्हाला साधा कागद उलटता आला नाही. बोलता बोलता आपण जिंकलो आहोत याचं भान त्यांना राहिलं नाही.

ट्रीनाने सगळं ऐकून घेतलं. "हे मागच्या बाजूचं आधी सांगायला काय झालं होतं कोणाला?" ती म्हणाली.

"सांगितलं होतं. समितीने आदल्या दिवशी मतदारयादीतल्या नंबरांवर प्रत्येकाला मेसेज पाठवला. मी स्वतः लिहिला होता. प्रश्न मागच्या बाजूला आहे, कागद उलटायला विसरू नका."

"मला नाही आला," ती म्हणाली. "कुठल्या नंबरवर पाठवलात?"

सरांना टेबलाच्या खणातला फोन आठवला. पलीकडे रूडी हात हलवून त्यांना केक खायला बोलावत होता.